वार खाली आहे

पोटावर गार जेल पडलं की अंग शहारतं, आणि सोनोग्राफीच्या खोलीतला एसी त्यात भर घालतो. डॉक्टर मॅडम पडद्याकडे बघत टाइप करणाऱ्या मुलीला मापं सांगत होत्या. डोकं, मणका, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं. "सगळं छान आहे हं," म्हणाल्या. मग प्रोब ओटीपोटाशी नेऊन जरा दाबला, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "वार खाली आहे."

एकोणिसावा आठवडा होता आणि मला तो शब्दच चटकन ओळखू येईना. वार म्हणजे सोमवार-मंगळवार, नाहीतर तलवारीचा. ही तिसरी, स्त्रीलिंगी वार मी शेवटची ऐकली होती ती लहानपणी, वाईला, आजीच्या गोठ्यात. गाय व्यायली, वासरू उभंही राहिलं, तरी आजी कंदील घेऊन रात्रभर तिथेच. वार पडायची होती, आणि पडल्यावर ती गाईने खाऊ नये म्हणून राखण करायची होती. सकाळी कुणीतरी परड्यात खड्डा खणला. त्यानंतर तीसेक वर्षांत हा शब्द माझ्या कानावर आला नव्हता. नाळ मात्र रोज येते. मातीशी नाळ जोडलेली असते, समाजाशी नाळ तुटते, सत्कार-समारंभात तर नाळेवाचून वक्त्याचं पानच हलत नाही. ती नाळ ज्या टोकाला जोडलेली असते त्या बिचाऱ्या वारेचं नाव कुणी काढत नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला हे इतक्या उशिरा सुचावं, याची तेव्हाही जरा लाज वाटली.

मी जपानीची दुभाषी आहे. चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर प्रशिक्षणाला जपानला जातात, त्यांच्याबरोबर जाते. आणि दोन आठवड्यांनी मला नागोयाजवळच्या एका कारखान्यात तीन आठवड्यांसाठी जायचं होतं.

"बाळ ज्या दारातून बाहेर येणार, त्या दाराशी ही बसलीये," मॅडमनी कागदावर उलटी सुरई काढून दाखवलं. "कड तोंडाला टेकलीये. या महिन्यात अशी पुष्कळांची असते आणि दहातल्या नऊ जणींची वर जाते. बत्तिसाव्या आठवड्यात परत बघू." मी प्रवासाचं विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "रक्त गेलेलं नाही, म्हणजे तुम्हाला झोपवून ठेवायचं कारण नाही. पण जा असं मी लिहून देणार नाही. गेलात तर मोठ्या हॉस्पिटलपासून तासाभराच्या अंतरात राहायचं. वजन उचलायचं नाही. दुखलं नाही तरी, एक थेंब लाल दिसला तरी निघायचं. हे दुखत नाही, हीच त्याची खोड आहे."

संध्याकाळी आईला फोन केला. "दारात बसलीये?" आई म्हणाली. "उंबऱ्यात बसू नये म्हणून तुला किती ओरडायचे मी लहानपणी!"

गेले. का गेले याची कारणं तेव्हा मी सगळ्यांना वेगवेगळी सांगितली. खरं कारण दोन पदरी होतं. आम्हा दुभाष्यांना दिवसाचे पैसे मिळतात, न गेलेल्या दिवसाचे मिळत नाहीत. आणि दुसरं, माझ्यावाचून त्यांचं अडेल असं मला मनापासून वाटत होतं. अडत कुणाचंच नाही. माझ्या जागी नंतर जो मुलगा गेला त्याने उत्तम निभावलं, असं इंजिनिअरांनीच मला आनंदाने कळवलं.

मुंबई-सिंगापूर, सिंगापूर-नागोया. पायात घट्ट मोजे, कडेची सीट, तासातासाला उठून फेरी. विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा वर. ते बाळाला चालतं. वारेचा प्रश्न विमान नव्हताच, ती जमिनीवरही तशीच बसली असती. विमानात फक्त एवढंच, की तासाभराच्या अंतरावर काहीच नसतं.

पहिले आठ दिवस छान गेले. आठव्या रात्री कारखान्यातल्या मंडळींबरोबर जेवायला गेलो, तिथे नेहमीचा विषय निघाला, रक्तगट. जपानात रक्तगटावरून स्वभाव सांगायची हौस आहे, आपल्याकडे राशीवरून सांगतात तशी. मी म्हटलं, बी. टेबलभर हशा पिकला. बी म्हणजे स्वतःच्या मर्जीने चालणारी, कुणाचं न ऐकणारी. मीही हसले. पुढचं अक्षर सांगितलं नाही, कारण स्वभाव ठरवताना ते कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठले. बिझनेस हॉटेलातली ती न्हाणी तुम्ही पाहिली असेल तर माहीत असेल, एका साच्यातून काढलेली, कुठेही उभं राहिलं तरी दोन भिंती लागतात. पांढरं प्लास्टिक, पांढरी फरशी, आणि त्यावर लाल. काळपट नाही, तांबूस नाही, लाल. दुखत काहीच नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या ते आठवलं आणि तरीही मी मूर्खासारखी पोटाला हात लावून दुखतंय का ते शोधत राहिले. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

११९ लावला. तिथे एकच नंबर असतो, म्हणून पलीकडचा माणूस पहिलं विचारतो, आग की अँब्युलन्स? हे वाक्य मी विद्यार्थ्यांना दहा वर्षं शिकवलंय. "क्यूक्यू," म्हटलं, आणि पुढे रक्तस्रावाचा शब्द आला, "शुक्केत्सु." आला खरा, पण कुठून आला? दुकानांच्या सेलच्या पाट्यांवरून. आपण 'तोट्यात विक्री' म्हणतो तशी तिथे रक्तस्रावी विक्री असते, दुकानदार म्हणतो, बघा, तुमच्यासाठी रक्त सांडतोय. हा शब्द आजवर मी त्याच अर्थाने वापरला होता, हसत.

अँब्युलन्स सहा मिनिटांत आली आणि मग हललीच नाही. आतला माणूस हॉस्पिटलांना फोन करत होता. तिथे पद्धतच तशी, घेणारं हॉस्पिटल ठरल्यावर गाडी निघते. पहिल्याने नाही म्हटलं. मला नेमकं नको ते आठवलं. नारा प्रांतात २००६मध्ये बाळंतपणात बेशुद्ध पडलेल्या एका बाईला एकोणीस हॉस्पिटलांनी जागा नाही म्हणून सांगितलं होतं; बाळ वाचलं, ती गेली. त्यावर तेव्हा देशभर गदारोळ झाला, आणि त्या बातम्या मी परीक्षेच्या तयारीसाठी, शब्द अधोरेखित करत वाचल्या होत्या. आता तेच शब्द एक माणूस माझ्या डोक्याशी बसून फोनवर बोलत होता आणि मला एकूण एक कळत होते. परक्या देशात भाषा येत नसली तर माणूस घाबरतो म्हणतात. येत असली तर काय होतं ते मी सांगते. तुम्ही स्वतःची केस ऐकता. "परदेशी. प्रवासी. बावीस आठवडे पाच दिवस. इथली वही नाही."

वही म्हणजे 'बोशी तेच्यो', आई-बाळाची वही. दिवस गेल्याची नोंद केली की नगरपालिका ती देते, १९४८पासून या नावाने देते, आणि बायका ती पर्समध्ये घेऊनच फिरतात. माझ्याकडे पुण्याची प्लास्टिकची फाइल होती. दुसऱ्या हॉस्पिटलने घेते म्हटलं.

"रक्तगट?" नर्सने विचारलं. बी, म्हटलं. ती लिहायला लागली. "आर एच निगेटिव्ह." पेन थांबलं. आपल्याकडे शंभरात पाचेक माणसं निगेटिव्ह निघतात. जपानात दोनशेत एक. त्यातही बी. नर्स काही बोलली नाही, फक्त जरा भराभर चालत बाहेर गेली, आणि मला तिचे रबरी तळवे कॉरिडॉरभर ऐकू येत राहिले. पुढे पुरलेल्या दिवसांत गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं. दाराशी बसलेली वार सुटली तर ते कुठून येणार, याचा हिशेब तिने माझ्याआधी केला होता. मग बाटल्या कुठून तरी दुसऱ्या शहरातून मागवून फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि अँटी-डीचं इंजेक्शन दंडात दिलं. बाटल्या लागल्या नाहीत. दुपारपर्यंत लाल तपकिरी झालं होतं.

डॉक्टर तरुण होता. माझी फाइल उघडून इंग्रजी रिपोर्ट बोटाने ओळ धरून वाचला, शेवटच्या ओळीवर बोट अडलं. "हे काय आहे?" ती ओळ आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफीच्या खाली असते, इतकी की आपण ती वाचतच नाही. गर्भाचं लिंग मी तपासलेलं नाही, कुणालाही कोणत्याही प्रकारे सांगितलेलं नाही, असं डॉक्टर सहीनिशी जाहीर करतात. मी आयुष्यात करारपत्रं, यंत्रांच्या पुस्तिका, अपघातांचे अहवाल भाषांतरित केले. या एका ओळीशी अडखळले. शब्द सोपे होते. त्याने पुढचं विचारलं, का? मग सांगावं लागलं. की आमच्याकडे मुली पोटातच मारल्या गेल्या, इतक्या, की १९९४मध्ये देशाने कायदा केला, आणि माझ्या राज्याने तर त्याच्याही आधी, १९८८ला. की दवाखान्याच्या भिंतीवर तशी पाटी असते. तो ऐकत होता, प्रोब माझ्या पोटावर तसाच. "इथे आम्ही सांगतो," तो म्हणाला, "तुम्हाला हवं असेल तर." पडदा माझ्याकडे वळवलेला होता. विचारायला काहीच हरकत नव्हती, पुण्याचा कायदा तिथे लागू नव्हता. "नको," म्हटलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. घरापासून इतक्या लांब, एकटीने ते ऐकावंसं वाटलं नाही.

मग बारा दिवस गादी. "आनसेइ" हा त्या वॉर्डातला सर्वांत मोठा शब्द. आराम म्हणावं तर आरामात सुख आहे, यात नाही. पडून राहा, हलू नका. कारखान्यात मी दिवसभर 'आनझेन' हा शब्द उलथापालथा करायचे, सुरक्षा, सुरक्षा प्रथम, हेल्मेटांवर, भिंतींवर, हिरव्या क्रॉसशेजारी. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एकच, आणि ते कसं लिहितात? वर छप्पर, खाली बाई. छपराखाली बाई असली की सगळं शांत. हे अक्षर पहिल्यांदा शिकवताना मी वर्गात नेहमी एक टोमणा मारायचे. आता छपराकडे बघत पडल्यावर टोमणा सुचेना.

दर चार तासांनी नर्स येऊन विचारायची, "ओनाका नो हारी वा आरिमास का?" पोटाला हारी आहे का? हारी म्हणजे ताण. गर्भाशय आवळून पोट दगडासारखं होतं ते. यंत्राच्या पट्ट्याला असते ती हारी मला माहीत होती, ही नव्हती. फोन चालू होता, आईने पलीकडून ऐकलं. "काय विचारतेय ती?" म्हटलं, हारी आहे का म्हणते. "म्हणावं आहे," आई म्हणाली, "तोच तर आहे." आणि मग दर चार तासांनी नर्सने हारी म्हटलं की मला खुदकन हसू यायचं, आणि हसल्यावर पोट खरंच आवळायचं, आणि ती वहीत हो लिहायची.

आईकडे पासपोर्ट नव्हता. ती रोज फोनवरून स्वयंपाकघर दाखवायची. आज मुगाची खिचडी केली, हे बघ, तूप घातलं. नवरा सहाव्या दिवशी पोचला. प्रवासविम्याचं पत्र त्याच्याआधी पोचलं होतं. गरोदरपणाशी संबंधित कोणताही खर्च वगळून, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतंच, मी दुसऱ्यांची बारीक अक्षरं वाचते, स्वतःची वाचली नव्हती. बिलाबद्दल जास्त लिहीत नाही. गाडी विकली.

मी त्या तरुण डॉक्टरला विचारलं, ही वार वर सरकते ती कशी? तिला पाय असतात का? त्याने खिशातून रबरी हातमोजा काढला, मनगटाच्या कडेपासून बोटभर आत बॉलपेनने एक ठिपका काढला. मग रबर दोन्ही हातांनी ताणलं. ठिपका कडेपासून लांब गेला. "ठिपका हलला का?" म्हणाला. "नाही. ती जिथे रुजली तिथेच असते. तिच्या आणि दाराच्या मधली भिंत वाढते." हातमोजा त्याने माझ्या टेबलावर तसाच ठेवला आणि गेला. मी तो कितीतरी वेळ ताणून बघत होते. वर सरकायचं म्हणून इतके दिवस मी मनातल्या मनात तिला ढकलत होते, आणि तिला ढकलायचं नव्हतंच.

शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याच गावी, आईकडे बाळंतपणाला आलेली होती. त्यांच्यातही ही रीत आहे, माहेरी जाऊन बाळंत व्हायची, आणि त्याला 'सातोगाएरी' असा शब्दच आहे. तिने विचारलं, तुमच्याकडे नाळेचं काय करतात? तिच्याकडे पावलोनियाच्या हलक्या लाकडाची छोटी डबी होती; बाळाच्या बेंबीवरून गळून पडलेला नाळेचा तुकडा त्यात जपून ठेवायचा, झाकणावर नाव आणि तारीख. आणि वारेचं? पूर्वी मडक्यात घालून पुरत, तिची आजी सांगायची, घराच्या उंबऱ्यापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली येईल अशी. म्हणजे मूल धट्टंकट्टं होतं. मी तिला वाईचा गोठा सांगितला. गाय आणि तिची आजी एका वाक्यात आल्यावर आम्ही दोघी जरा गप्प झालो, मग हसलो. निघताना तिने मला तसली एक रिकामी डबी दिली. आईने ती बघितली आणि आधी कुंकवासाठी वापरली.

पुढचे दोन आठवडे थेंब नाही, म्हणून पंचविसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पत्र दिलं. अठ्ठाविसाव्यानंतर बहुतेक विमान कंपन्या पत्राशिवाय चढू देत नाहीत, म्हणून त्याआधीच निघा, असंही तोच म्हणाला. व्हीलचेअरवरून विमानापर्यंत गेले. हात-पाय धड असताना ढकलत नेलं जाण्याची शरम वाटते, ती पहिल्या दहा मिनिटांत जाते.

पुण्याला सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं ते सोफ्यावर. झोपाळा नाही, नाव नाही, चंद्र नाही, मॅडमची सक्त ताकीद. दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मी उचलली. काय निघालं आणि पुढे काय झालं ते सांगत नाही. एवढ्या दिवसांची सवय लागलीय.

बत्तिसाव्या आठवड्यात त्याच थंड खोलीत मॅडमनी प्रोब दाबला, मान तिरकी केली. "चोवीस मिलिमीटर." वीसच्या पुढे गेलं की वाट मोकळी मानतात. मी त्यांना हातमोज्याचं सांगितलं. म्हणाल्या, "छान आहे, मीही सांगेन पेशंटना."

सदतिसाव्याला सिझर ठरायचं ते टळलं, एकोणचाळिसाव्या आठवड्यात बाळ आलं, आपणहून. सगळे बाळाभोवती. मॅडम मात्र अजून माझ्या पायाशीच बसून होत्या, हात पोटावर, वाट बघत. बारा मिनिटांनी म्हणाल्या, "आली." म्हटलं, मला बघायचीय. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताटलीसकट वर धरली. लॅटिनमध्ये तिला चपट्या केकवरून नाव पडलंय. मला विचाराल तर धिरडं; वीतभर रुंद, एका बाजूने काळं-जांभळं, कप्प्याकप्प्यांचं, दुसऱ्या बाजूला चकचकीत, आणि नाळेपासून सगळीकडे पसरलेल्या शिरा, पिंपळपानाच्या असतात तशा. मॅडमनी ती उलटसुलट करून कड कुठे फाटली नाही ना ते बघितलं. अर्धा किलो असेल. मी हात पुढे केला तर ती कोमट होती.

मग ती पिवळ्या पिशवीत गेली. वारेला, गाठींना, कापून काढलेल्या साऱ्यालाच पिवळी पिशवी, तसा नियम आहे. पिशवीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझं नाव. मावशी ती उचलून निघाल्या. त्याच वेळी बाहेरून दुसऱ्या कुणाची तरी ट्रॉली आत येत होती, बाई जोरात कण्हत होती. मावशी दारात होत्या. त्या पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटल्या, आणि म्हणाल्या, "या, या. जाऊ द्या तिला आधी."